डबड्यांची वेळ लावणारा माणूस

आमच्या घरात दोन घड्याळं आहेत. बाहेरच्या खोलीतलं यांचं आणि स्वयंपाकघरातलं माझं. यांचं घड्याळ बरोबर असतं. माझं दहा मिनिटं पुढे असतं, आणि ते मी मुद्दाम पुढे ठेवते, कारण आमच्या घरातली माणसं घड्याळ बघून हलत नाहीत, घड्याळाला घाबरून हलतात. लग्न झालं त्याच आठवड्यात यांनी स्टुलावर चढून माझं घड्याळ 'दुरुस्त' केलं. मी ते पुन्हा पुढे केलं. यांनी पुन्हा मागे. असं दोन-तीनदा झाल्यावर मी स्टूलच उचललं आणि शेजारणीकडे नेऊन ठेवलं. तेव्हापासून यांनी कानाला खडा लावला.

हे म्हणजे माझा नवरा. बाहेर यांना सगळे 'काटा' म्हणतात. अंगाने बारीक, चालणं सरळ, आणि तोंडात सतत वेळ, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार.

हे एका मोठ्या गोदामात कामाला आहेत. साबण, चपला, औषधं, बॅटऱ्या, जगातली सगळी खोकी तिथे येतात आणि तिथून जातात. प्रत्येक कामगाराच्या हातात एक हँडहेल्ड असतो, म्हणजे हातात मावणारा कॉम्प्युटर. आकाराने विटेएवढा आणि विटेइतकाच देखणा. मी त्याला डबडं म्हणते. खोक्यावरच्या काळ्या पट्ट्यांवर त्याचा लाल उजेड मारला की 'बीप' होतं आणि कुठलं खोकं किती वाजता आलं, किती वाजता गेलं ते आत नोंदलं जातं. सुरुवातीला यांचं काम एवढंच होतं की सकाळी ती डबडी वाटायची आणि संध्याकाळी गोळा करून चार्जिंगला लावायची.

मग एकदा हिशेब तपासताना असं दिसलं की बॅटऱ्यांची एक अख्खी गाडी गोदामात यायच्या आधीच गोदामातून बाहेर गेली होती! झालं, चोरीचा संशय. दारावरच्या दोघांना घरी बसवायची भाषा सुरू झाली. यांनी दोन डबडी आणून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक पुढे धावत होतं, दुसरं मागे रेंगाळत होतं. माल आत आला तो पहिल्यात नोंदवला होता, बाहेर गेला तो दुसऱ्यात. सगळे पोट धरून हसले, दारावरचे दोघे वाचले, आणि रोज सकाळी सगळ्या डबड्यांची वेळ एका मुख्य यंत्राशी जुळवायचं काम यांच्या गळ्यात पडलं. 'गळ्यात पडलं' असं मी म्हणते. हे 'सोपवलं' म्हणतात.

हे मुख्य यंत्रही तसंच एक डबडं, पण ते खिडकीत ठेवलं की उपग्रहाकडून वेळ घेतं, आणि ते कायम यांच्या पिशवीत असतं. यांचं एक तत्त्व आहे, मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. 'एकच घड्याळ बरोबर असून उपयोग नाही. सगळी सारखी हवीत.' प्रत्येक डबड्याची चाल वेगळी असते म्हणे. बॅटरी जुनी झाली की वेगळी, उन्हात ठेवलं की वेगळी. कुठलं डबडं दिवसाला किती मागे पडतं ते यांना तोंडपाठ. आमच्या लग्नाची तारीख विचारा, जरा थांबून सांगतात.

मला वाटायचं, गोदामातलं वेड गोदामात राहील. पण गोदामात नवी यंत्रं आली, जुनी मोडीत निघाली, आणि यांनी साहेबांना विचारून त्यातली डझनभर घरी आणली. कशासाठी? तर बाबांच्या क्लबासाठी. आगीतून फुफाट्यात.

बाबा म्हणजे माझे सासरे. आमच्या गच्चीवर त्यांची कबुतरांची ढाबळ होती. लाकडी फळ्यांची खोली, जाळीचं दार, पुढे पाखरांना उतरायला एक रुंद फळी. दुकानातून निवृत्त झाल्यापासून बाबा दिवसभर तिथेच. त्यांच्यासारखी पाखरंवेडी माणसं गावात बरीच, त्यांचा एक क्लब. क्लब म्हणजे काय, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची एक खोली. हे लोक शर्यती लावायचे. सगळ्यांची पाखरं ट्रकमधून लांब न्यायची, तिथे सकाळी एकदम सोडायची, आणि ज्याचं पाखरू आधी घरी पोचेल तो पहिला. ऐकायला सोपं आहे. पण घरं वेगळी, गच्च्या वेगळ्या. कुणाचं पाखरू कधी उतरलं हे ठरवायचं कुणी? पूर्वी ज्याचं त्याचं मनगटी घड्याळ आणि ज्याची त्याची जीभ. दर शर्यतीनंतर महिनाभर निम्मा क्लब निम्म्या क्लबाशी बोलत नसे.

यांनी ती डबडी क्लबात नेली आणि भांडणं संपवली. पाखराच्या पायात तशाच काळ्या पट्ट्यांचं रबरी कडं असतं. पाखरू घरी आलं की मालकाने कडं काढायचं, डबड्यासमोर धरायचं, बीप. तीच त्याची वेळ. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, लांबची शर्यत असेल तर त्याच्याही आधी, सगळ्यांनी डबडी घेऊन क्लबात यायचं आणि एकदम वेळ लावून घ्यायची. त्यानंतर वेळेला हात लावायचा नाही. लावताही येत नाही, कारण त्याला पासवर्ड आहे आणि तो फक्त यांना माहीत. मी एकदा विचारला होता. म्हणाले, "तुझं स्वयंपाकघरातलं घड्याळ पाहिलंय मी."

शर्यत झाली की पुन्हा सगळी डबडी क्लबात. मग हे एकेक डबडं मुख्य यंत्राशेजारी धरून बघतात, मधल्या काळात किती पुढे गेलं, किती मागे पडलं. पाखरू आलं तोवर त्यातलं किती झालं असेल, तेवढं वेळेत मिळवायचं किंवा वजा करायचं. तो निकाल. यांच्या हिशेबावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

वेळ लावायची हाक मात्र बाबांची. सगळे डबडं हातात धरून, बोट बटणावर ठेवून उभे राहायचे. हे मुख्य यंत्राकडे बघत बाबांना खूण करायचे आणि बाबा ओरडायचे, "तयार... आता!" सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. बाबांचा आवाज असा खणखणीत की सायकलवाला पुढच्या दुकानात दचकायचा.

मग त्या आवाजाला काहीतरी झालं.

आधी खोकला. मग जिना चढताना दम. मग बसल्या जागी दम. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि विचारलं, "घरात कबुतरं आहेत का?" बाबा म्हणाले, "घरात नाहीत." मी म्हटलं, "गच्चीवर आहेत, आणि हे दिवसभर तिथेच असतात." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पिसांचा आणि विष्ठेचा भुगा छातीत जाऊन बसतो, फुप्फुसं आतून कडक व्हायला लागतात. आता थांबवलं तर बरंच सावरेल. नाही थांबवलं तर वर्ष-दोन वर्षांत ऑक्सिजनची नळी लागेल, आणि नंतर तीही पुरणार नाही.

बाबा घरी आले, डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप खिशात घातला आणि गच्चीवर गेले!

मला राग येतो तेव्हा मी भांडी घासते. त्या दिवशी मी स्वच्छ भांडीसुद्धा घासली. मग वर गेले आणि बाबांना म्हटलं, "पाखरं किंवा आम्ही. एक काय ते ठरवा."

"अगं, इतकी वर्षं पाळतोय..."

"म्हणूनच छाती अशी झालीय!"

हे जिन्यात उभे होते, मूग गिळून. बापापुढे बोलायची यांची छाती नाही. बाबांनी बराच वेळ एका पाखराच्या मानेवरून बोट फिरवलं. करड्या रंगाची मादी होती ती. मान वर करून, पोरांना रांगेत उभं करायला निघाल्यासारखी चालायची, म्हणून तिला 'मास्तरीण' म्हणायचे.

"लांबच्या शर्यतीत मी कधी पहिला आलो नाही," बाबा म्हणाले. "दुसरा आलो, तिसरा आलो. पहिला एकदाही नाही. यंदा मास्तरीण तयारीत आहे. एकदा पहिला येऊ दे. मग सगळी पाखरं देऊन टाकतो आणि खाली येऊन बसतो. शपथ."

"आणि नाही आलात तर?"

"तर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! मला रडूच आलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसे आमचे बाबा. मिळाली ती शपथ मी पदरात पाडून घेतली. आणि ज्या बाईने आयुष्यभर कबुतरांना शिव्या घातल्या, ती मी, त्या दिवसापासून मास्तरणीला निवडून निवडून दाणे घालायला लागले. नाकाला फडकं बांधून.

लांबच्या शर्यतीची वेळ लावायच्या संध्याकाळी मी क्लबात गेले. बायका तिथे जात नाहीत, पण बाबांना एकटं पाठवायची सोय राहिली नव्हती. खोलीत डझनभर माणसं, हातात डबडी, बोटं बटणावर. यांनी खूण केली. बाबांनी छाती भरून घेतली आणि ओरडले, "तयार... आ..." आणि तिथेच खोकल्याने धरलं. निम्म्यांनी बटण दाबलं, निम्मे थांबले. यांनी सगळ्यांची डबडी पुन्हा हातात घेतली आणि पासवर्ड टाकून दिला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बेकरीवाला हळूच म्हणाला, "काका, मी ओरडू का?" बाबा खुर्चीत बसले आणि मान हलवली. बेकरीवाल्याने हाक दिली. आवाज बरा होता, पण सायकलवाला काही दचकला नाही.

हा बेकरीवाला म्हणजे बाबांचा खरा प्रतिस्पर्धी. माणूस चांगला. पहाटे उठून पाव भाजतो, दुपारी पाखरं उडवतो. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, पण पाखरं जिथून सोडतात तिथून त्याचं आणि आमचं अंतर मोजून सारखंच निघालं होतं. म्हणजे या दोघांत फक्त वेळ बघायची, बाकीच्यांसारखं अंतराचं गणित नाही.

शर्यतीच्या दिवशी थंडी होती. दुपार व्हायच्या सुमाराला मी बाबांचा पंप घेऊन वर गेले. ते खालीच विसरून गेले होते, नेहमीसारखे. बाबा ढाबळीच्या दाराशी स्टुलावर बसले होते, डबडं मफलरमध्ये गुंडाळून पोटाशी धरलेलं. मी गच्चीच्या दारात पोचते न पोचते तोच वरून करडं काहीतरी तिरकं आलं आणि फळीवर उतरलं. मास्तरीण! मान वर. आली, आत शिरली, उभी राहिली.

बाबा उठले. खोकला आला. त्यांनी खांबाला धरलं, वाकले, पुन्हा सरळ झाले. मग आत गेले, पाखरू हातात घेतलं, कडं काढलं, बीप.

त्या बीपनंतरचं काही मला धड आठवत नाही. मी ओरडत होते एवढं खरं. बाबांनी डबड्यावरची वेळ वाचली आणि बेकरीवाल्याला फोन लावला. त्याचंही पाखरू आलं होतं, पांढऱ्या पंखांचा नर. त्याने त्याची वेळ सांगितली. बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तीन सेकंद," म्हणाले. "तीन सेकंदांनी आपण पुढे."

बाकी कुणाचं पाखरू जवळपासही नव्हतं. खालच्या मजल्यावरचे, समोरचे, सगळे अभिनंदन करायला आले. मी चहा केला, पुन्हा केला, आणि एकीकडे मनातल्या मनात ढाबळीच्या फळ्या उचकटत होते. सुताराला कधी बोलवायचं तेही ठरवून टाकलं. हे गोदामातून आले, बाबांनी सांगितलं ते ऐकून घेतलं, बाबांच्या पाया पडले नाहीत की हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी डबडी बघू."

"बघा हो, बघा!" मी म्हटलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

पण आरसा लागतोच, यांना तर लागतोच.

संध्याकाळी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. हे टेबलाशी बसले, मुख्य यंत्र समोर. आधी बेकरीवाल्याचं डबडं. ते जरासं पुढे गेलं होतं. मग आमचं. यांनी ते मुख्य यंत्राशेजारी धरलं आणि बघतच राहिले. पुन्हा बघितलं. मग बाबांना विचारलं, "बाबा, हे कुठे ठेवलं होतं?"

"माझ्याजवळ."

"जवळ म्हणजे?"

"पांघरुणात. गरम पाण्याच्या पिशवीपाशी."

"कशाला?"

"गारठ्यात उगाच गार पडायला नको म्हणून," बाबा म्हणाले, आणि खोलीत हशा पिकला. "अहो काका, ते काय अंडं आहे का!" कुणीतरी म्हणालं. बाबाही हसले. पाखरं पाळणारा माणूस, नाजूक वस्तू म्हटली की तिला ऊब द्यायची एवढंच त्याला ठाऊक.

हे हसले नाहीत. "तोंडावर पाणी मारून येतो," म्हणाले आणि मागच्या दाराने बेसिनकडे गेले. मी मागोमाग गेले. नवऱ्याचा चेहरा मला वाचता येतो, त्याला उपग्रह लागत नाही.

"काय झालं?"

"उबेत राहून घड्याळ मंद चाललंय. बाबांची वेळ आहे त्यापेक्षा आधीची दिसतेय. बेकरीवाल्याचं पुढे गेलंय, त्याची वेळ आहे त्यापेक्षा उशिराची दिसतेय."

"मला काही कळत नाही. पहिले कोण?"

"बेकरीवाला. एका सेकंदाने."

एक सेकंद! शिंकायला त्याहून जास्त वेळ लागतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, मी सरळच म्हटलं, "अहो, मग ढकला ना तो एक सेकंद. तुमच्याशिवाय कुणाला कळणारे?"

"मला कळेल."

"तुमचे वडील मरतील! कळतंय का? या एका सेकंदासाठी वर्षभर अजून तो भुगा छातीत घेत बसतील. घड्याळ थोडं इकडेतिकडे केलं तर आभाळ कोसळत नाही. मी रोज करते!"

हे नळ बंद करून माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते.

"तुझं घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे," म्हणाले. "म्हणून ते खोटं नाही."

आणि आत गेले. मी बेसिनपाशी तशीच उभी. आतून यांचा आवाज आला, नेहमीसारखाच सपाट. पहिला बेकरीवाला, दुसरे बाबा, अंतर एक सेकंद. मग बेकरीवाल्याचा आवाज. "काटा, पुन्हा एकदा बघ की रे." यांनी सगळ्यांसमोर पुन्हा बघितलं. आकडा तोच.

घरी येताना तिघं तीन अनोळखी माणसांसारखे चाललो. बाबा वाटेत दोनदा थांबले, खोकले, चालले. घरी आल्यावर जेवले नाहीत, सरळ गच्चीवर. जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज मी मोजत नव्हते, पण ऐकत होते. यांच्याशी मी बोलणं टाकलं. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, बोलायचे नाही. हेही बोलले नाहीत. रोज सकाळी यंत्र खिडकीत ठेवायचे, वेळ घ्यायचे, गोदामात जायचे. मला ते यंत्र खिडकीतून खाली ढकलून द्यावंसं वाटायचं. खोटं कशाला बोलू, एकदा हातही लावला होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाबा पुन्हा पंप खाली विसरले. मी तणतणत वर गेले. बाबा ढाबळीच्या बाहेर, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते. लांबून पाखरांकडे बघत होते.

"तू त्या दिवशी दारात होतीस ना?" त्यांनी विचारलं. "मास्तरीण उतरली तेव्हा."

"होते."

"काय पाहिलंस?"

मी आठवलं. तेव्हा ओरडण्याच्या नादात जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते आता सगळं एकापाठोपाठ समोर आलं. ती फळीवर उतरली. आत गेली. मान वर करून उभी राहिली. आणि बाबा खांबाला धरून खोकत होते.

"ती वाट बघत होती," बाबा म्हणाले. "पाय पुढे करून उभी होती. माझा हात पोचत नव्हता. आतापर्यंत कितीदा मनात मोजलं मी. एक सेकंद नाही, चांगले आठ-दहा सेकंद गेले. पाखरू पहिलं आलं गं. दुसरा मी आलो."

"मग तुमच्या मुलाला तो एक सेकंद द्यायला काय झालं होतं? मी सांगितलं होतं त्याला. हात जोडायचे बाकी ठेवले होते."

"सांगितलंस? आणि त्याने नाही दिला?" बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी नवीनच सांगितलं. मग हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. मी पंप दिला. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "बरं झालं. दिला असता तर मी घेतला असता. आणि पहिला आलो असतो तर खाली आलो असतो असं वाटतंय तुला?"

"तुम्ही शपथ घेतली होती!"

"दारुड्याची आणि पाखरंवाल्याची शपथ सारखीच. जिंकलेला माणूस कधी खेळ सोडतो होय? पुढच्या वर्षी म्हणालो असतो, एकदा पहिला आलो, आता दुसऱ्यांदा येऊन दाखवतो. जित्याची खोड ती." त्यांनी पंप खिशात घातला. "पण इतक्या लांबून जिवाच्या आकांताने उडत आलेल्या पाखराला माझ्या खोकल्यासाठी दारात ताटकळत ठेवायचं, हे मला जमायचं नाही. सुताराला बोलव."

मी तशीच खाली आले. हे बाहेरच्या खोलीत डबड्याची बॅटरी बदलत बसले होते. मी म्हटलं, "सुताराला फोन करा." यांनी वर बघितलं. चार दिवसांनी बोललेलं माझं पहिलं वाक्य, तेही सुताराबद्दल. मग मी सगळं सांगितलं, आणि हे बॅटरी हातात धरून, लहान पोरासारखे रडले. त्या नादात डबड्याचं घड्याळ बंद पडलं ते पडलंच. मी पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "राहू दे, नंतर लावा." हे म्हणाले, "हो." हे एवढं यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाखरं क्लबातल्या लोकांनी वाटून घेतली. मास्तरीण बेकरीवाल्याकडे गेली. आता शर्यतीच्या पाखराचं असं असतं की त्याला कुठेही द्या, ते आपल्याच घरी परत येतं. बेकरीवाल्याने दार जरा उघडं ठेवलं की बाईसाहेब आमच्या गच्चीवर हजर. तिथे ना ढाबळ, ना फळी. कठड्यावर मान वर करून उभी. हे तिला टोपलीत घालून परत नेऊन द्यायचे. बाबा खालून विचारायचे, "किती वेळ लागला तिला?" हे बेकरीवाल्याला फोन करून, तिथून कधी सुटली ते विचारून, नीट हिशेब करून सांगायचे. बाबांना तेवढं पुरायचं. शेवटी तिने तिकडे पिल्लं काढली आणि येणं बंद केलं. पहिले काही दिवस मलाच चुकल्यासारखं झालं, आता बोला!

बाबांची छाती पूर्ण बरी झाली नाही. होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण खोकला कमी झाला, जेवण वाढलं. बाबा आता बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसतात आणि माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे म्हणून मला टोमणे मारतात. म्हणजे बरे आहेत.

यंदा लांबच्या शर्यतीची वेळ लावायची होती तेव्हा बेकरीवाला स्वतः बाबांना न्यायला आला. हे घरातून निघतानाच मला म्हणाले, "तूही चल." क्लबात बाबांसाठी खुर्ची ठेवली होती, पाखरांच्या टोपल्यांपासून लांब, दाराजवळ, वारा येतो तिथे. मीही तिथेच उभी राहिले. सगळे डबडी हातात धरून, बटणावर बोट ठेवून तयार. यांनी मुख्य यंत्राकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि खूण केली.

बाबांनी छाती भरून घेतली. मी माझा श्वास धरून ठेवला.

"तयार... आता!"

डझनभर बटणं एकदम वाजली. पुढच्या दुकानात सायकलवाल्याच्या हातून पाना पडला तो आवाज मी ऐकला. हे टेबलाशी बसले आणि एकेक डबडं मुख्य यंत्राशेजारी धरून बघत गेले. बघायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागत होता, कारण मधे मधे डोळे पुसत होते. सगळी सारखी होती. दुसऱ्यांदा लावावी लागली नाहीत.